थंडे थेंब

नर्सिंगच्या मुलींना डोळ्यांची औषधं शिकवायची वेळ आली की मी पुस्तक मिटते आणि कपाटातून एक खोकं काढते. त्यात रिकाम्या बाटल्या आहेत. एकेक करून टेबलावर मांडते. ही बाहुली पसरवणारी, डॉक्टर डोळ्याच्या आत बघणार असतील तर आधी टाकायची. ही काचबिंदूची, डोळ्यातला दाब उतरवणारी. टाकण्याआधी पेशंटला दमा आहे का ते विचारा, नाही विचारलंत तर थेंब पडेल डोळ्यात आणि श्वास अडकेल छातीत. ही जंतूंवरची. ही डोळा बधिर करणारी, पेशंटनं कितीही गयावया केली तरी त्याच्या हातात घरी न्यायला द्यायची नाही. ही कोरड्या डोळ्यांची, नुसतं अश्रूंसारखं पाणी. टोपणाच्या रंगावर जाऊ नका, खोक्यावरच्या चित्रावर तर मुळीच नको. बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. दिसत नसेल तर उजेडात जा, पण वाचा.

शेवटची बाटली स्टिरॉइडची. ती मी जरा आपटूनच ठेवते.

औषध वाईट नाही, असं मी मुलींना सांगते. ऑपरेशननंतर ह्याच थेंबांनी डोळा वाचतो, सूज उतरते. पण डॉक्टरनं सांगितलं तितकेच दिवस, आणि दाब मोजत मोजत. दुकानदारानं स्वतःच्या मनानं दिलं आणि माणूस वर्षानुवर्षं टाकत राहिला, की आतली नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. उलट बरं वाटतं. हीच तर त्याची हरामखोरी. मग मी त्यांना सांगते, की ही बाटली माझ्या आईकडून काढून घेतलेली आहे, आणि मुली लिहायच्या थांबतात.

सुरतेत, गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शटर आहे. मेडिकल होतं तिथे. आता शटरवर कुणाकुणाची पोस्टरं चिकटलीत. ते शटर मी तक्रार देऊन पाडलं. रस्त्यानं जाताना रिक्षावाल्याला मी मुद्दाम हळू जा म्हणते, आणि नीट बघून घेते. बरं वाटतं. अजूनही वाटतं. शिकलेल्या बाईनं असं मनात धरून बसू नये, असं मला माझ्याच घरातले लोक सांगतात. मी म्हणते, मी नर्स आहे, देवमाणूस नाही.

ते मेडिकल माझ्या काकाचं होतं. सख्खा नव्हे, माझ्या वडिलांचा, आप्पांचा चुलतभाऊ. पण सुरतेत सख्खं-चुलत असं काही उरत नाही. धुळ्याकडचा एक माणूस आधी येतो, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मागावर उभा राहतो, मग तो दुसऱ्याला बोलावून घेतो. आप्पांनी ह्याला बोलावलं. वर्षभर तो आमच्याच खोलीत जेवला, आमच्याच गोधडीवर झोपला. मागाचा आवाज सोसेना म्हणून आप्पांनीच एका मेडिकलवाल्याच्या हातापाया पडून त्याला तिथे चिकटवला. औषधांची खोकी उचलता उचलता हा औषधं द्यायला शिकला, आणि एक दिवस गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं दुकान टाकून बसला. भिंतीवर परवान्याची चौकट होती, तिच्यात एका परक्या माणसाचं नाव आणि फोटो. त्या माणसाला आम्ही कुणी कधी पाहिलं नाही. विचारलंही नाही. आपला माणूस दुकानात बसलाय, ह्यापुढे परवाना कोण विचारतो!

गल्लीतली बाई दवाखान्यात जायची नाही, काकाकडे जायची. तो अहिराणीत बोलायचा, गावाकडची खबर विचारायचा, बाकावर बसवायचा. गुजराती गिऱ्हाईक आलं की लगेच गुजराती. "बे दहाडामां मटी जशे," दोन दिवसांत जाईल, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. ताप असो, खाज असो, की बाळाचं पोट असो.

आप्पा मागावर आणि माय खाटलीवर, असं आमचं घर चालायचं. खाटली म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर साडी ताणून बांधायची, भोवती चार-पाच जणींनी बसायचं, आणि वाकून वाकून तिच्यावर टिकल्या, खडे, जरीचा दोरा लावत राहायचं. ठेकेदार बाजारातून साड्यांचे गठ्ठे आणून टाकायचा आणि झालेले घेऊन जायचा. आमच्या ओट्यावर शेजारणी जमायच्या. गोंदाचा वास, जरीचा भुसा, आणि दिवसभर खाली मान. मागामुळे आप्पांचे कान गेले, मोठ्यानं बोलल्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही. मायचे डोळे लाल व्हायला लागले. नुसती मायच नव्हे, सगळ्याच जणी डोळे चोळायच्या.

काकानं एक बाटली दिली. खोक्यावर निळ्या शाईनं डोळा काढलेला. टाकल्याबरोबर गार वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मायचे डोळे पांढरेशुभ्र. बायांना अप्रूप वाटलं. त्या थेंबांना त्यांनी नावच पाडलं, थंडे थेंब. बाटली खाटलीच्या कोपऱ्याला दोऱ्यानं टांगलेली असायची. एकीनं मान मागे टाकायची, दुसरीनं तिच्या डोळ्यांत थेंब सोडायचा, मग बाटली पुढे. पाळीपाळीनं, चहाच्या आधी. बाटली संपली की कुणीतरी काकाकडे जायचं. तो गिऱ्हाइकाला हसून म्हणायचा, की माझ्या वहिनीच्या खाटलीवर हेच चालतं. मायला त्याचं कौतुक. माझा दीर डॉक्टरच आहे, असं ती ठेकेदाराला ऐकवायची.

असं किती वर्षं चाललं ते मायलाही सांगता येत नाही. थेंब बंद केले की डोळे परत लाल, म्हणून परत थेंब. मी शाळा संपवून नर्सिंगला गेले तेव्हाही बाटली तिथेच टांगलेली होती.

मग माय उंबऱ्यात अडखळायला लागली. बाजूनं येणारी सायकल तिला दिसायची नाही. खाटलीवर तिच्या हातच्या खड्यांची रांग काठाशी आली की तिरकी जायची, आणि ठेकेदारानं एक दिवस तिची साडी सगळ्या बायांसमोर तिच्या अंगावर फेकली. माय रडली नाही, फक्त त्या दिवसापासून ती मधोमध बसायला लागली. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, असं ती म्हणाली तेव्हा मी तिला ओढतच सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नेलं. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या वर्गात काचबिंदूचा धडा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, आत पाहिलं, मग मशीनवर बसवून कुठपर्यंत दिसतं ते तपासलं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्याचं फक्त मधलं उरलं होतं, कडा काळ्या. बाईंनी विचारलं की कोणते थेंब टाकता. मायनं कमरेच्या पिशवीतून निळ्या डोळ्याची बाटली काढून मोठ्या विश्वासानं त्यांच्यापुढे धरली. बाईंनी बघितलं आणि माझ्याकडे दिली. मी बारीक अक्षरं वाचली. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही. डाव्या डोळ्यात जेवढं आहे तेवढं मात्र राखता येईल, रोज थेंब टाकावे लागतील, आयुष्यभर, आणि ह्या बाटलीतले थेंब परत डोळ्याला लागता कामा नयेत.

मी तिथून थेट काकाच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर बाटली त्याच्या काउंटरवर ठेवली आणि तोंडाला येईल ते बोलले. काकानं माझ्यासाठी थंडा मागवला. मग अगदी शांतपणे म्हणाला, की कंपनी बनवते, मी विकतो. तुझी आई आपल्या पायानं आली होती, मी काही तिच्या घरी घेऊन गेलो नव्हतो. मला काय ठाऊक आत काय असतं, मी थोडाच तुझ्यासारखा शिकलोय. गिऱ्हाइकांनी माना हलवल्या. मी ती थंड्याची बाटली त्याच्या काउंटरवर उपडी केली आणि निघाले.

त्या संध्याकाळी भाऊबंद आमच्या ओट्यावर बसले. सगळ्यांचं एकच म्हणणं. अडाणी माणूस, भोळेपणी झालं. घरातलं घरात राहू द्या. पोलिसांत गेलात तर उद्या गावाकडे तोंड कसं दाखवाल. आप्पांना मी कानाशी ओरडून ओरडून सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, भाऊ आहे माझा, त्याला माहीत नव्हतं. आणि माय! जिचा डोळा गेला ती माय म्हणाली, जाऊ दे. ती काकालाच समजावत होती, की मनाला लावून घेऊ नका.

त्याला माहीत नव्हतं. हे एक वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. कारण ते खोटं आहे असं मला आतून वाटायचं, आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी शिकले, डोळ्यांच्या वॉर्डात काम केलं, मग शिकवायला लागले. लग्न होऊन सुरतेतच भेस्तानला गेले. पण मायच्या डाव्या डोळ्यावरची नजर मी कधी काढली नाही. तिला काचबिंदूचे थेंब टाकायला मी हाताला धरून शिकवलं. हात धू. खालची पापणी ओढ, खोबण होते तिच्यात थेंब सोड, बाटलीचं तोंड पापणीला लावू नकोस. डोळा मीट, नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धर, म्हणजे औषध नाकात-घशात उतरून अंगभर जायचं नाही. दुसरा थेंब लगेच नाही, जरा थांबून. आप्पा समोर बसून तिच्यावर लक्ष ठेवायचे. तिला भेटायला म्हणून मी जायचे आणि आधी बाटलीच उजेडात धरून बघायचे, किती संपली. माय म्हणायची, आईला भेटायला येतेस की बाटलीला.

खरं सांगायचं तर काचबिंदूच्या थेंबांचं कौतुक करावं असं त्यांच्यात काही नाही. झोंबतात. डोळे लाल करतात. आणि टाकून काहीच बरं वाटत नाही, कारण त्यांचं काम राखायचं, दाखवायचं नाही. नजर वाढत नाही, फक्त कमी होत नाही. आणि जे होत नाही ते माणसाला कळणार कसं? तरी माय टाकत राहिली. दर तपासणीला दाब जागेवर असायचा. डॉक्टरीणबाई मायच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि मी दवाखान्याबाहेर येऊन तिला चणाडाळीचा गरम लोचो खायला घालायचे.

आणि मग गेल्या वर्षी एका तपासणीला दाब चढला. डावा डोळा, उरलेला तो एकच. औषध वाढवलं, पुढच्या वेळी आणखी चढला. बाईंनी मायला परत मशीनवर बसवलं, आणि मधला जो उजेडाचा गोल उरला होता तो एका बाजूनं खाल्लेला निघाला. मला काही कळेना. थेंब रोज पडत होते, आप्पा शपथेवर सांगत होते. 

दुसऱ्या दिवशी मी गोडादऱ्यात गेले आणि मायची ट्रंक, उशी, पिशव्या सगळं उचकलं. खाटलीवर बसायचं तिनं केव्हाच सोडलं होतं, पण खड्यांचे रंग वेगळे करून द्यायचं काम अजून करायची. त्या खड्यांच्या डब्यात, तळाशी, एक बाटली होती. नवं खोकं, हिरवं पान काढलेलं. मी खिडकीशी गेले आणि बारीक अक्षरं वाचली. तेच. दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या चित्राचं, पण आत अगदी तेच.

मायला वाचता येत नाही. गल्लीतल्या बहुतेक बायांना येत नाही. औषध त्या खोक्यावरच्या चित्रावरून ओळखतात, आणि निळा डोळा पुन्हा घ्यायचा नाही हे मायनं काटेकोर पाळलं होतं. लाल डोळ्यांमुळे बाया तिला विचारायच्या, डोळे आलेत का, आणि जरा सरकून बसायच्या. काकानं एकदा तिला रस्त्यात बघितलं आणि म्हणाला, तुझ्या पोरीचे डॉक्टर डोळे लाल करतात वहिनी, मी पांढरे करून देतो. झाडपाल्याचं आहे, पान बघ. मायनं पान बघितलं. माझ्यापासून लपवलं एवढ्यासाठीच, की मी दिराशी भांडेन. मी ओरडायला लागले तशी ती घाबरून म्हणाली, "तुन्हा थेंब झोंबतस. त्यान्हा थंडा वाटतस." तुझे थेंब झोंबतात, त्याचे गार वाटतात. एवढं साधं होतं सगळं.

पहिल्या वेळी त्याला माहीत नव्हतं, असं क्षणभर धरूया. पण माझं ऐकून झाल्यावर, काउंटरवर मी बाटली आपटल्यावर, त्याच बाईला, त्याच डोळ्यासाठी, तेच औषध? केसानं गळा कापला मेल्यानं. मी ती बाटली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. ह्या वेळी दुकानात जाऊन आरडाओरडा करायचा नाही, असं ठरवलं. ह्याला मुळापासून काढायचा.

आमच्या विद्यार्थिनींना दरवर्षी एखाद्या वस्तीत घरोघर पाठवतात, आरोग्याचं शिकवायला. ह्या वेळी वस्ती मी निवडली. पांढऱ्या कोटातल्या पोरी आमच्या गल्लीत घराघरात गेल्या, आणि घरात डोळ्यांचं जे काही औषध असेल ते दाखवा म्हणाल्या. देवाच्या फळीवरून, खाटलीच्या कोपऱ्यावरून, दुधाच्या डब्यामागून बाटल्या निघाल्या. चित्रं निरनिराळी, फूल, सूर्य, पान, डोळा. पोरींनी उजेडात धरून वाचायला सुरुवात केली आणि एकेकीचा चेहरा बदलत गेला. एक तर माझ्याकडे धावत आली आणि गुजरातीत म्हणाली, मॅडम, बधामां एक ज छे. सगळ्यांत एकच आहे.

मला वाटलं होतं, आता गल्ली पेटेल. कसली पेटते! बाया माझ्यावरच उलटल्या. त्याच्या थेंबांनी बरं वाटतं, तुमच्या दवाखान्यात लाइन लावून नुसतं झोंबतं. शिकली म्हणून आपल्याच माणसाच्या पोटावर उठली, असंही एकीनं तोंडावर ऐकवलं. काका दुकानाच्या पायरीवर उभा राहून पोरींना पाणी हवं का विचारत होता. मी दात-ओठ खात घरी आले. लेखी तक्रार मी तयार केली होती, सरकारी औषध खात्याला द्यायला, पण आप्पांनी माझा हात धरला. कानबाई होऊ दे, म्हणाले. सण झाल्यावर काय ते कर.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. गाव सुटलं, शेत सुटलं, पण सुरतेत कानबाई कुणी सोडली नाही. त्या दिवशी एका घराण्याचे सगळे भाऊबंद एका घरी जमतात, सगळ्यांच्या नावाचा गहू एकत्र दळतात, आणि त्याच पिठाचे रोट एका पंगतीत बसून खातात. भाऊबंदकीत कितीही वाकडं असू दे, रोटाला यावंच लागतं. आणि रोट फक्त घराण्याचा. लग्न झालेल्या लेकीलाही तो चालत नाही, ती परक्या घरची झाली. आमच्या घराण्यात पहिला रोट थोरली सून मोडते आणि प्रत्येकाच्या ताटात स्वतःच्या हातानं तुकडा ठेवते. तुकडा पडला म्हणजे तू आमचा. थोरली सून म्हणजे माय.

त्या वर्षी पाळी काकाच्या घरची होती. दुकानाच्या वरच राहायचा तो. मला रोट नव्हता, तरी मी गेले, कारण मायला जिना चढवायला कुणीतरी हवं होतं. पदराला बाटलीची गाठ होतीच. चौरंगावर कानबाई सजवलेली, नथ घातलेली; समोर ताटं मांडलेली; भाऊबंद भिंतीला टेकून बसत होते. काका सोवळ्यात, कपाळभर गंध. मला बघून म्हणाला, ये बेटा. बेटा!

आत स्वयंपाकघरात धुरानं सगळ्यांचे डोळे भरून आले होते. मायनं पदरानं डोळे पुसले तसं काकी म्हणाली, थांबा जेठानी, माझे थेंब देते. काकी साधी बाई. तिनंही आयुष्यभर वरच्या खोलीत खाटली लावली, तीही लाल डोळ्यांनी वाकून बसली. तिनं फळीवरून बाटली काढली आणि मायच्या डोळ्याशी नेली. मी झडप घालून ती तिच्या हातातून घेतली आणि दिव्याखाली वाचली.

नुसतं पाणी. कोरड्या डोळ्यांचे साधे थेंब, अश्रूंसारखे, निरुपद्रवी. माझ्या टेबलावरच्या रांगेत असतात तेच.

मी काकीला हळूच विचारलं, की ती दुसरी बाटली, पान काढलेली, गल्लीतल्या सगळ्या बाया टाकतात ती, तुमच्या खाटलीवर नसते का. काकी सहज बोलली. नवऱ्याचं कौतुक वाटावं अशा सुरात बोलली. तिला कळलंच नाही की ती काय बोलतेय. मी तिचा हात धरून तिला बाहेर पंगतीसमोर आणलं आणि म्हणाले, काकी, हे जरा मोठ्यानं सांगा, आप्पांना ऐकू येत नाही.

काकीनं आप्पांच्या कानाकडे वाकून मोठ्यानं सांगितलं, "माले नही देतस ते त्या थंडा थेंब. म्हनतस, त्या तुन्हासाठे नही शेतस."

मला नाही देत ते, म्हणतात ते तुझ्यासाठी नाहीत. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मी गाठ सोडली, पानाची बाटली काढली आणि काकीच्या बाटलीशेजारी कानबाईसमोर ठेवली. एक बायकोची, एक वहिनीची. पुढे काही बोलायची गरज नव्हती. काकीनं दोन्ही बाटल्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. काका म्हणाला, की तिला ते सोसत नाहीत म्हणून. मग म्हणाला, कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या एका वाक्यावर त्यांनी भाऊ सांभाळला होता, ते वाक्य आता त्यांना म्हणता येणार नव्हतं. मला आनंद झाला का? झाला. मी ते लपवणार नाही. त्याचा उतरलेला चेहरा मी पोटभर बघून घेतला.

पण भाऊबंदांपैकी कुणीतरी घाई केली, रोट निवतोय, वेळ टळते, नंतर बोलू. तेच परत. घरातलं घरात. लोक ताटांवर सरकून बसले, काकाही बसला, शेवटून दुसरा. मी दारात उभी. ह्या पंगतीत मला जागा नव्हती आणि शब्दही नव्हता. मला वाटलं, गेलं हातातून, हा रोट खाऊन परत आमचाच होणार.

माय उठली. मी हात द्यायला पुढे झाले तर तिनं तो बाजूला केला. तिनं कानबाईला हात जोडले, रोट मोडला, आणि पहिल्या ताटापाशी गेली. वाकायची, हातानं ताटाचा काठ चाचपायची, नजरेच्या उरलेल्या त्या गोलात ताट आणायची, समोरच्याचं तोंड नीट बघायची, आणि मग तुकडा ठेवायची. आप्पांच्या ताटात ठेवला. भावांच्या ठेवला. काकीला तिनं जवळ घेतलं, तिचे डोळे पुसले, आणि तिच्या ताटात दोन तुकडे ठेवले.

काकाच्या ताटापाशी ती वाकली. काठ चाचपला. त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. काकानं ताट थोडं पुढे सरकवलं. मग ती सरळ झाली आणि पुढे निघाली.

पंगतीत चुळबुळ झाली. बिचारीला दिसलं नाही, असं सगळ्यांनाच वाटलं. आप्पांनी हळूच तिच्या पदराला हात लावला आणि म्हणाले, की अगं, एक ताट राहिलं.

माय वळली नाही.

"दिखस माले," ती म्हणाली. "इतलं दिखस."

आणि तिनं शेवटच्या ताटात तुकडा ठेवला.